नर्मदेचा अंगठा

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, रिक्षा लागायच्या तिथे, पत्र्याची एक टपरी होती आणि तिच्यात भगवंत बसायचा. चपलेचा पट्टा तुटला तर लोक कुणाकडेही जात. पण बूट चांगला असला, अस्सल चामड्याचा, चामडी तळाचा, तर मात्र भगवंताकडेच. पालघरहून माणसं पिशवीत बूट घालून यायची. भगवंत बूट हातात घ्यायचा, उलटा करायचा, डाव्या हाताचा अंगठा तळाच्या मधोमध दाबायचा आणि म्हणायचा, "उद्या सांगतो."

या 'उद्या सांगतो'ची रिक्षावाल्यांना मोठी गंमत वाटे. डॉक्टरही नाडी धरून लगेच सांगतो, आणि हा गडी बुटाला घरी मुक्कामाला नेतो! पण दुसऱ्या दिवशी तो जे सांगे त्यात सहसा चूक निघत नसे. कुणाला म्हणे, "अजून एक उन्हाळा वापरा, मग आणा." कुणाला म्हणे, "आजच ठेवून जा, पावसाळा लागला तर बूट हातचा जाईल." आणि कुणाला सरळ सांगे, "याच्यावर खर्च करू नका. वरचं चामडं घडीला तडकलंय. नवा तळ जुन्या बुटाला पुरून उरेल."

हे सगळं सांगणं नर्मदेचं होतं. ही भगवंताची बायको. तळ तीच बदलायची आणि तळाची पारखही तीच करायची. भगवंत फक्त बूट घरी न्यायचा आणि तिचं बोलणं टपरीवर आणायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं, आणि बोईसरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

नर्मदा देवळाली कॅम्पातली. तिचा बाप पुंजाराम लष्करातल्या साहेबांचे बूट करायचा. पोटी मुलगा नाही, म्हणून त्यानं आपली विद्या पोरीला दिली. दिली म्हणजे मुद्दाम बसवून शिकवली असं नाही. ती जवळ बसायची, दोऱ्याला मेण लावून द्यायची, आणि बघता बघता चामडं कापायची रापी तिच्या हातात आली. ती नऊ-दहा वर्षांची असताना बाप एक बूट तिच्यापुढे ठेवायचा, तिचा अंगठा धरून तळावर दाबायचा आणि विचारायचा, "काय म्हणतोय?"

"मऊ लागतंय."

"कसं मऊ? भाकरीसारखं का पिकल्या पेरूसारखं?"

"भाकरीसारखं."

"मग अजून चालेल. पेरूसारखं लागलं की उघडायचा. त्याच्यानंतर ठेवला तर पाणी आत शिरतं, तळात भरलेला बुचाचा भुसा कुजतो, आतला तळ सडतो. लवकर उघडला तर तळ वाया, उशिरा उघडला तर बूट वाया. सगळी अक्कल त्या मधल्या दोन महिन्यांत आहे, पोरी."

बाकीचंही तिनं असंच उचललं. चांगल्या बुटाच्या वरच्या चामड्याला चहूबाजूंनी एक पट्टी शिवलेली असते आणि तळ शिवायचा तो त्या पट्टीला. म्हणून तळ काढला तरी वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. पण नवा तळ शिवताना सुई जुन्याच भोकातून गेली पाहिजे. आळसानं नवी भोकं पाडली तर पट्टी चाळणी होते, आणि पट्टी गेली की बूट गेला. टाच झिजून तिच्या वरच्या बैठकीला लागायच्या आत बदलायची. भिजलेला बूट चुलीजवळ वाळवायचा नाही. या गोष्टी तिच्या बोटांत इतक्या मुरल्या होत्या की लग्न होईपर्यंत बापाच्या हाताखालून जाणाऱ्या बुटांपैकी निम्मे तिच्याच हातचे असत.

भगवंताला यातलं काही येत नव्हतं. तो जातीनं त्याच धंद्यातला, पण त्याच्या घरात दोन पिढ्यांत कुणी आरी धरली नव्हती. तो दिसायला देखणा, बोलायला गोड आणि कारखान्याच्या नोकरीच्या मागे लागलेला. त्र्याहत्तर साली दोघं बोईसरला आली. वसाहतीतल्या एका कारखान्यात तो मशिनवर लागला. पाळीची बस खोलीच्या तोंडाशी यायची. हंसाचा जन्म त्याच खोलीतला. नर्मदेला वाटायचं, आता आपण नोकरदाराची बायको झालो, चामड्याचा वास आता बापाच्या घरीच राहिला.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात भगवंताचा उजवा हात मशिनच्या पट्ट्यात सापडला. अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं गेली. नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे त्याचं बोलणं गेलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. कुणी भेटायला आलं की हात पंच्याखाली झाकायचा. एकदा हंसा खेळता खेळता त्याच्यापाशी गेली तर दचकून लांब सरकला, आपला हात बघून पोर भिईल म्हणून. दोन महिने असे गेले. त्या दोन महिन्यांत नर्मदेनं ठरवलं की या माणसाला कसंही करून उठवायचं.

आणि युक्ती तिचीच होती. हे ती पुढे कधी विसरली नाही. भगवंतावर फार राग आला तरी ही एक गोष्ट तिच्या रागाला टाचणी लावायची.

ती माहेरी जाऊन बापाची पेटी घेऊन आली. रापी, आऱ्या, हातोडी, लोखंडी तिवई, चुकांचे, म्हणजे बारीक खिळ्यांचे, डबे. भगवंतापुढे पेटी उघडून म्हणाली, "स्टेशनवर बसा. पट्टे, चुका, टाका एवढं डाव्या हातानं होईल. मोठं काम घरी आणा. मी करीन."

"लोक काय म्हणतील? बायकोच्या हाताचं खातो?"

"लोकांना कोण सांगतंय? तुम्ही केलं असं म्हणायचं."

तो उठून बसला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "आणि कुणी समोर करून दाखव म्हटलं तर?"

"उद्या सांगतो म्हणायचं," नर्मदा म्हणाली.

दोघंही हसली. त्या हसण्यातच तिनं आपल्या हातांनी स्वतःला कडी लावून घेतली. पण तेव्हा ते कुणाला कळणार?

त्यांची खोली चाळीच्या टोकाला होती. खिडकी होती, पण ती उघडायची शेजारच्या गोदामाच्या भिंतीवर, हातभर अंतरावर. काम बाहेर ओट्यावर करायचं नाही, दार लावून आत करायचं. आणि दार लावूनही सगळं करता येत नसे. भगवंत टपरीवर असताना खोलीतून हातोडीचा आवाज आला तर शेजारीपाजारी काय समजतील? म्हणून तिचा दिवस आवाजावर वाटला गेला. सकाळी तो घरात असेपर्यंत आणि संध्याकाळी तो आल्यावर ठोकाठोक. भिजवलेलं चामडं कुटायचं, चुका मारायच्या. दिवसभर मुकी कामं. जुना टाका रापीनं कापायचा, तळ सोलून काढायचा, पट्टीच्या भोकांतले दोऱ्याचे तुकडे एकेक करून उपटायचे, दोऱ्याला मेण चोळायचं, दोन सुयांनी समोरासमोर शिवायचं, काचेच्या तुकड्यानं कड घासायची. भगवंत भावाच्या लग्नाला दहा दिवस गावी गेला तेव्हा चार बूट उघडे पडून राहिले. हातोडी समोर होती आणि ती उचलता येत नव्हती. ते दहा दिवस ती पिंजऱ्यात टाकल्यासारखी खोलीतल्या खोलीत फिरली.

एका बाईला मात्र हे ठाऊक झालं. नवसी तिचं नाव. चिंचणीहून मासळीची पाटी घेऊन यायची. एकदा बोंबील निवडून घेताना तिनं नर्मदेचा हात धरला, उलटा केला आणि बघतच राहिली.

"बाय, ह्यो हात भांडी घासणाऱ्या बायचा नाय. दोऱ्यानं कापलाय ह्यो. आमचे जाली विणणाऱ्याचे हात असंच असतात."

नर्मदेनं हात ओढून घेतला. नवसीनं उघड्या दारातून आत बघितलं. तिवईवर उलटा चढवलेला बूट तिला दिसला.

"तू करतेस?"

नर्मदेनं दार अर्धं ओढून घेतलं.

"मग लपवतेस कशाला? मी पाटी डोक्यावर घेऊन गावभर वरडत फिरते, मासली माजी हाय म्हून. माजा घोव लपवतो का त्वांड?"

"तुमचं वेगळं आहे," नर्मदा म्हणाली.

"काय येगलं?" नवसीनं विचारलं. नर्मदा बोंबील घेऊन आत गेली. नवसीनं पुढे कुणाला सांगितलं नाही, पण दर खेपेला पाटी उतरवताना ती आत नजर टाकायची आणि विचारायची, "आज कोनाचा जोडा?" तेवढ्यासाठी नर्मदा तिची वाट बघायची.

ब्याऐंशी साली चंद्रभान वानखडे टपरीवर आले. वीज केंद्रात फोरमन, मूळचे अकोल्याकडचे. कामाच्या ट्रेनिंगसाठी त्यांना परदेशात पाठवलं होतं, तिथून त्यांनी तपकिरी बूट आणले होते. दुसऱ्या एका माणसानं त्या बुटांच्या चामडी तळाखाली रबर चिकटवून दिलं होतं, आणि ते जिभेसारखं लोंबत होतं.

"याचं काय होते का पाहा बाप्पा," ते म्हणाले. "माझ्या पायाला दुसरा बूटच होत नाही."

संध्याकाळी तो बूट नर्मदेच्या हातात आला. अंगठा दाबायची गरजच नव्हती. रबराखाली पाणी कोंडून तळ पेरूसारखा कधीच झाला होता, आता तो चिखल होता. पण तिनं रबर सोललं, तळ उघडला, आतला कुजका भुसा खरवडला आणि पट्टीवर बोट फिरवलं. पट्टी शाबूत होती. एकेक भोक स्वच्छ, सारख्या अंतरावर, कुठल्या तरी लांबच्या कारागिरानं घातलेलं. देवळाली सोडल्यापासून असं काम तिनं बघितलं नव्हतं.

तिनं त्या जोडीला नऊ दिवस घेतले. जाड चामडं दोन दिवस भिजवलं, सकाळ-संध्याकाळ कुटून घट्ट केलं, बुचाचा नवा भुसा सरसात कालवून भरला, आणि जुन्याच भोकांतून, एकही न चुकवता, टाका घातला. कड काचेनं घासून, काळजीनं तापवलेल्या लोखंडानं मेण पाजून तिनं बूट फडक्यात बांधला तेव्हा तिला वाटलं, हे आता कुणाला तरी दाखवावं. खोलीत हंसा होती, चौथीतली. नर्मदेनं बूट तिच्यापुढे धरला. "बघ, कसा झाला?"

दोन दिवसांनी हंसा शाळेतून आली ती उड्या मारत. बाईंनी सगळ्यांना आईवडिलांचं काम विचारलं होतं. "मी सांगितलं, माझी आई फॉरेनचे बूट शिवते!"

नर्मदेनं उठून आधी दार लावलं. तिनं पोरीला जवळ ओढलं. "असं सांगायचं नाही. बाबा शिवतात. उद्या बाईंना सांग, चुकून बोलले."

"पण तू शिवतेस ना?"

"बाबा शिवतात म्हणून सांगायचं."

हंसानं दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं. वर्गातली पोरं तिला खोटारडी म्हणाली. घरी येऊन ती रडली नाही, पण त्यानंतर आई काम करत असली की ती त्या बाजूला बघायचं टाळायची, पाठ करून बसायची. नर्मदेला ती पाठ दिवसभर दिसत राहायची.

वानखड्यांनी मात्र भगवंताचं नाव वीज केंद्राच्या वसाहतीभर केलं. कामाचा ओघ लागला. भगवंत इस्त्रीचा सदरा घालू लागला. लोक त्याला 'उस्ताद' म्हणू लागले. तो वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही, पाण्याची कळशीही तो उचलून आणायचा. पण आठ-दहा वर्षं रोज तेच तेच बोलल्यावर माणसाला आपलंच बोलणं खरं वाटायला लागतं. आधी तो घरी यायचा आणि विचारायचा, "काय सांगू त्यांना?" मग विचारू लागला, "मला वाटतंय अजून चालेल. तुला काय वाटतं?" आणि नंतर नंतर, तिनं काही सांगितलं की म्हणायचा, "तेच म्हणत होतो मी."

नव्वद साली तारापूरच्या रस्त्याला बुटांचा एक नवा कारखाना निघाला. परदेशी पाठवायचे, शिवलेल्या तळाचे बूट. मशिनवरून बिघडून आलेले जोड हातानं उघडून पुन्हा शिवायचे होते, आणि दहा-बारा मुलींना ते शिकवायचं होतं. त्यांना माणूस हवा होता. वानखड्यांनी नाव सुचवलं. मॅनेजरचा निरोप आला की सोमवारी या आणि एक जोड समोर करून दाखवा.

या वेळी 'उद्या सांगतो' म्हणून भागणार नव्हतं. भगवंत दोन दिवस जेवला नाही. शेवटी म्हणाला, "तू चल. माझा हात असा आहे हे त्यांना दिसेलच. मदतीला बायको आणली म्हणेन."

नर्मदेला हे ऐकून भीती वाटायला हवी होती. पण तिला आनंद झाला. लोक बघतील. तोंडानं कुणी काही बोलायची गरजच नाही, हात बघतील आणि त्यांना कळेल.

सोमवारी ती नवं लुगडं नेसून गेली. मोठी शेड, उंच छप्पर, चहूकडून उजेड. असल्या उजेडात तिनं जन्मात काम केलं नव्हतं. मॅनेजर, वानखडे आणि मशिनवरची दहाबारा माणसं गोल करून उभी राहिली. भगवंत स्टुलावर बसला. नर्मदा खाली, तिवईपाशी. तिनं बूट उलटा केला, अंगठा दाबला, पट्टी चाचपली. रापी घातली. टाका कापत गेली तसा तळ सालीसारखा निघून आला. ती कामात इतकी बुडाली की वर भगवंत बोलतोय हे तिला आधी ऐकूच आलं नाही.

"आता बघा साहेब, जुन्याच भोकातून सुई," भगवंत सांगत होता. "हां, अशी. आता दोरा ओढ. कड सांभाळ."

ती जे करायची ते तो क्षणभर आधी बोलायचा. अकरा वर्षं तो तिचं काम बघत आला होता, त्याला क्रम पाठ होता. बघणाऱ्याला वाटावं की हा सांगतोय आणि ही करतेय.

दुपारनंतर बूट झाला. मॅनेजरनं तो वळवून वळवून बघितला. "वा! लेकिन काम तो औरत ने किया," तो म्हणाला.

नर्मदेनं मान वर केली. भगवंतानं आपला तुटका हात दुसऱ्या हातात धरला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मग मॅनेजरकडे.

"हात तिचा आहे साहेब," तो म्हणाला. "नजर माझी."

"सही बात है," मॅनेजर म्हणाला. "नजर ही तो चाहिए." सगळे हसले. वानखड्यांनी भगवंताच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी नर्मदेच्या हातात चहाचा कप दिला. तिनं तो तसाच तिवईवर ठेवला आणि आऱ्या एकेक करून पुसून पेटीत भरल्या.

येताना रिक्षात भगवंत सारखा बोलत होता. ती रस्त्याकडे बघत होती. हात तिचा नाही असं तो म्हणाला असता तरी तिला एवढं लागलं नसतं. हात तर सगळ्यांनी बघितलेच होते. तिच्या बापानं तिचा अंगठा धरून जे दिलं होतं, तेच नेमकं त्यानं उचलून आपल्या नावावर केलं होतं.

भगवंत कामावर रुजू झाला. टपरी बंद राहिली. चौथ्या दिवशी त्यानं पिशवीतून एक जोड घरी आणला आणि तिच्यापुढे ठेवला. "जरा बघ. उघडू का नको?"

नर्मदा तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "नजर तुमची ना? बघा की."

"नर्मदे, चेष्टा नको."

"मी कुठं चेष्टा करते? तुमच्या नजरेला मी काय सांगू?"

त्यानं बूट पिशवीत घालून ती खिळ्याला अडकवली. पुढे पंधरा दिवस तो रोज काहीतरी आणायचा आणि ती रोज तेच उत्तर द्यायची. आवाज न चढवता, भांडण न करता. घरात बाकी सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. त्याला ऊन जेवण मिळत होतं, धुतलेला सदरा मिळत होता. फक्त बूट उलटा करून ती अंगठा दाबत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात माल पाठवायची घाई झाली. साठ जोड बिघडलेले म्हणून बाजूला काढलेले होते. उघडायचे की तसेच ठेवायचे, उस्तादाला विचारलं. भगवंतानं ओळीनं अंगठा दाबला. नवं, ताठ चामडं होतं. दाबून त्याला काहीच कळेना. सगळे बघत होते. तो म्हणाला, "सगळे उघडा."

त्या जोडांचे टाके मशिनवर एकदा चुकून पुन्हा घातलेले होते. पट्टीला दुप्पट भोकं होती. नर्मदेनं नुसतं बोट फिरवलं असतं तरी तिला कळलं असतं की हे बूट उघडायचे नाहीत. मुलींनी दोरा ओढला तशा पट्ट्या पोस्टाच्या तिकिटासारख्या फाटत गेल्या. एकामागून एक साठ जोड.

भगवंत भरदुपारी घरी आला. उंबऱ्यावरच बसला. नर्मदेनं पाणी दिलं. ते न पिता तांब्या बाजूला ठेवून त्यानं सगळं सांगितलं.

"पट्टी चाचपली होती का?" तिनं विचारलं.

"नाही. मला ते आठवलंच नाही." तो खाली बघत होता. "नर्मदे, मी मॅनेजरला सांगितलं. खरं ते. म्हटलं, नजर माझी नव्हती. माझ्या बायकोची आहे, पहिल्यापासून. तिला बोलवा, ती तुमच्या पोरींना शिकवील."

नर्मदा पुढे सरकली. "मग?"

"हसला. म्हणाला, काम बिघडलं की सगळेच बायकोचं नाव पुढं करतात. उद्यापासून येऊ नको."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. अकरा वर्षांत एकदाच त्यानं खरं सांगितलं, आणि ते कुणाला खरं वाटलं नाही. तिला त्याचा राग करता येईना आणि कीवही करता येईना. त्या साठ जोडांचं मात्र तिला मनापासून वाईट वाटलं. आपण बघितलं असतं तर ते वाचले असते, हे तिला झोपेतही सोडेना.

आठवड्यानं भगवंत टपरी उघडायला निघाला तेव्हा नर्मदेनं पेटी स्वतः उचलली.

"कुठं?"

"टपरीवर. आता घरी नाही करायची मी."

"लोक..."

"म्हणू दे. मॅनेजरला सांगितलंत ना? मग त्यांनाही सांगा."

टपरीत जेमतेम एका माणसाची जागा. त्यानं गोणपाट सरकवून अर्धं तिला दिलं. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. पत्रा तापायचा. पाय लांब करायची सोय नव्हती, आणि खोलीत निदान घाम पुसायला पदर खाली घेता यायचा, इथे तेही नाही. रिक्षावाले पहिले काही दिवस मुद्दाम पुढून फेऱ्या मारून बघून गेले. एकानं विचारलं, "काय उस्ताद, असिस्टंट?" भगवंत म्हणाला, "उस्ताद हीच आहे." रिक्षावाल्याला तो मोठा विनोद वाटला. दिवसभर तो सगळ्यांना सांगत सुटला.

पण इथे तिला हातोडी वाटेल तेव्हा मारता येत होती. पहिल्या दिवशी तिनं भरदुपारी, बारा वाजता, एक टाच ठोकली. गरजेपेक्षा जास्तच ठोकली.

लोक बूट भगवंताच्याच हातात द्यायचे. तो तिच्याकडे द्यायचा. ती सांगायची, तो मान हलवायचा, मगच गिऱ्हाईक मान हलवायचं. काही लोक यायचे बंद झाले. चामडी तळाचे बूटही कमी होत चालले होते. तयार रबरी तळाचे जोड बाजारात आले होते, झिजले की फेकून द्यायचे. हंसा तेव्हा सतरा वर्षांची. कॉलेजला जाताना ती स्टेशनच्या दुसऱ्या बाजूनं जायची. एकदा मात्र मैत्रिणीबरोबर टपरीशी थांबली आणि चपलेचा तुटका पट्टा पुढे करून म्हणाली, "आई, एवढं कर ना." मैत्रीण बघत होती. नर्मदेनं तो पट्टा तीनदा शिवला.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर वानखडे आपले तपकिरी बूट घेऊन आले. नर्मदेनं त्यांना दोनदा नवा तळ घातला होता. ही तिसरी खेप. त्यांनी नेहमीसारखे बूट भगवंतापुढे धरले.

भगवंत म्हणाला, "तिला द्या."

वानखडे जरा घुटमळले, मग दिले. नर्मदेनं बूट उलटा केला आणि अंगठा दाबला. तळाची वेळ झाली होती, अगदी नेमकी. मग तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पुढच्या बाजूला, बोटं दुमडतात तिथे, तीन-चार भोकं एकमेकांत मिसळली होती. वरचं चामडं घडीत बारीक भेगाळलं होतं. तिनं बूट उजेडाकडे धरून तो अर्धा मिनिट नुसता बघितला.

"साहेब, आता नको," ती म्हणाली. "आता दोरा ओढला तर पट्टी फाटेल. घरात जपून वापरा, दोन वर्षं जातील. तळ नका घालू."

"का बोलता बाई! मागच्या वेळी उस्तादानं सांगितलं होतं, अजून एकदा होईल म्हणून."

"तेव्हा मला तसं वाटलं होतं. वसाहतीतली खारी हवा जास्त लागली याला. माझा अंदाज चुकला."

वानखड्यांनी तिच्यावरून नजर काढून भगवंताकडे नेली. "उस्ताद, तुम्ही पाहा बरं जरा."

भगवंतानं हात पुढे केला नाही. "ती म्हणते तेच."

"तुम्ही पाहिलंच नाही."

"मी आजवर कधीच पाहिलं नाही, साहेब."

वानखडे हसले नाहीत. थोडं चिडूनच त्यांनी बूट पिशवीत घातले. "ठीक आहे. पालघरला एक जण मशिननं मारून देतो म्हणे," असं म्हणून ते रिक्षात बसले. रिक्षा वळून दिसेनाशी झाली.

"मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी," भगवंत म्हणाला.

"हो," नर्मदा म्हणाली. "ऐकलं असतं."

समोर एक बाई उभी होती, हातात एकच चप्पल, एक पाय गरम रस्त्यावर. भगवंतानं पायाखाली घ्यायला तिच्याकडे पुठ्ठा सरकवला. नर्मदेनं चप्पल घेतली, गुडघा जरा आडवा करून जागा केली आणि दोऱ्याला मेण लावलं.